धुरपताबाईनं पाडलेले वाटे

माझ्या अब्बांचं, नूरुद्दीनभाईंचं, मूल गावच्या बाजारात जाळ्यांचं दुकान आहे. नायलॉनचं सूत, शिशाच्या गोळ्या, दोऱ्या, तयार जाळी. आसपासच्या तलावांवर मासेमारी करणारे सगळे ढीवर तिथेच येतात. कोसंबतळ्याची धुरपताबाई पायरी चढताना दिसली की अब्बा पंखा तिच्याकडे फिरवायचे आणि मला हळूच म्हणायचे, "आली बाप्पा. आता जेवायचं विसरा." सुताची एक गुंडी घ्यायची तर ती चार उलगडून बघायची. एकदा अब्बा वैतागून म्हणाले, "बाई, मासोळी का सूत पाहून जाळ्यात येते?"

"मासोळी नाई पाहत, नूरभाऊ. मी पाह्यतो."

आमच्याकडे बायासुद्धा 'मी पाह्यतो, मी जातो' असंच बोलतात. दवाखान्यात बाहेरगावचा नवा डॉक्टर आला की पहिला आठवडा तो गोंधळलेला असतो.

धुरपताबाई बुटकी, काळीसावळी, आवाजाला फाटकी. तिचं नाव चार गावांत झालं होतं ते वाटे पाडण्यासाठी. कोसंबतळ्यात तलाव सगळ्यांचा. उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी उतरलं की सगळी घरं मिळून जाळं ओढतात आणि मासोळी पाळीवर, म्हणजे बांधावर, आणून ओततात. मग जितकी घरं तितके ढीग लावायचे. मरळ कोणाच्या ढिगात, नुसते झिंगे कोणाच्या, यावरून इतर गावांत डोकी फुटतात. कोसंबतळ्यात धुरपताबाई उकिडवी बसायची, एक कतला इकडून उचलून तिकडे ठेवायची, मूठभर झिंगे तिकडून इकडे, आणि उठून पदराला हात पुसायची. मग खड्यांची सोडत. कोणता ढीग कोणाच्या घरचा हे सोडत ठरवणार. पण सोडत कधी? ढीग सारखे झाल्यावर. आधी नाही.

त्या गावचा आणखी एक रिवाज आहे. ज्या घरात कोणी आजारी असेल त्या घरचं माणूस पाण्यात उतरलं नाही तरी वाटा मिळतो, आणि वर प्रत्येक जण आपल्या ढिगातलं थोडं त्या ढिगावर टाकतो. त्याला आजाऱ्याचा वाटा म्हणतात. तो नाकारता येत नाही आणि त्याचे आभारही मानायचे नसतात.

धुरपताबाईचा थोरला, रोशन, गेला तेव्हा मी कॉलेजात होते. पोराचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे, वाढ खुंटलेली. गावात कोणी म्हणे कावीळ, कोणी म्हणे बाहेरची बाधा. एका सकाळी तिनं त्याला पाठुंगळीला घेतलं, डांबरी रस्ता गाठला, मिळेल त्या गाडीनं मूलला आली आणि पुढच्या बसची वाट बघत स्टँडवर बसली. बस आली तेव्हा पोरगा संपला होता. अब्बा पाण्याची बाटली घेऊन धावले होते. ते परत आले ते तीच भरलेली बाटली हातात धरून, आणि त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

नंतर तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की तो आजार सिकलसेल होता आणि धाकटी लेक मयुरीही तोच घेऊन जन्मलीय. रक्तातल्या लाल पेशींचं काम अंगभर प्राणवायू पोचवायचं. या आजारात त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं असं दुखतं की मोठा माणूस जमिनीवर लोळतो. आईबाप दोघांच्या रक्तातून आलेली गोष्ट. हे मी तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे माह्यापासूनच गेलं." मी म्हटलं, "हरिदासभाऊंकडूनही." हरिदास तिचा नवरा, दर वर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातो आणि मोहफूल संपल्यावर परततो. ती म्हणाली, "त्याले नोको सांगू. थो रडते."

मी, निशात, आता गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासते. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संस्थेनं आमच्या भागात एक अभ्यास सुरू केला आणि गावोगावी जाऊन रक्त घ्यायचं काम माझ्याकडे आलं. ग्लुटामिन नावाचा एक पोषक घटक आहे. डाळीत असतो, दुधात, मासोळीत असतो, आपलं शरीरही तो बनवतं. त्याची पूड रोज ठरल्या मापानं दिली तर सिकलसेलच्या पोरांची दुखणी कमी होतात का, हे आपल्याकडच्या पोरांत बघायचं होतं. कोसंबतळ्यातली पाच पोरं त्यात आली. महिन्यातून एकदा पांढरी जीप गावात यायची, पोरांना दवाखान्यात आणायची, डॉक्टर तपासायचे, लागलं तर रक्त चढायचं, आणि अधेमधे दुखणं उठलं तरी फोन केला की जीप हजर. त्या जीपची किंमत काय, हे स्टँडवर बसलेल्या बाईला विचारा.

पहिल्या बैठकीला मी होते. अभ्यासाचे प्रणित सर नागपूरहून आले होते. माणूस सरळ, पण बोलणं सगळं छापील. त्यांनी समाजमंदिरात कागद वाचून दाखवला. "सहभाग पूर्णतः ऐच्छिक आहे, माघार घेतल्यास आपल्या नियमित उपचारांवर कोणताही परिणाम होणार नाही," वगैरे. पाचही आया शाळेत बसल्यासारख्या बसल्या होत्या. मग ते कागद ठेवून बोलायला लागले. निम्म्या पोरांना खरी पूड मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे सोडतीनं ठरलंय. कोणालाच माहीत नाही, मलाही नाही.

धुरपताबाईनं हात वर केला. "म्हंजे एखाद्याच्या लेकराले भेटन अन् एखाद्याच्या नाई?"

"बरोबर."

"अन् तुमाले बी मालूम नाई?"

"नाही. तसंच ठेवावं लागतं."

ती मान हलवून खाली बसली. सरांना वाटलं, समजलं. नंतर त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली: "ही पुडी ज्याच्या नावची त्यानंच खायची. दुसऱ्याला दिली तर ते मूल अभ्यासातून बाहेर होईल." हे मात्र छापील नव्हतं, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

परत निघताना ती जीपपाशी आली. मला म्हणाली, "डोये झाकून वाटे पाडनारा मानूस आज पयल्यांदा पाह्यला, निशातबाई."

मी चिडले. मी तिला समजावलं की हे असंच करावं लागतं. सगळ्यांना खरी दिली आणि पोरं बरी झाली, तर पुडीनं झाली की वेळेवर तपासल्यानं झाली हे कसं कळणार? उद्या हजारो पोरांना द्यायचं तर आधी कळायला नको? ती ऐकून घेत होती. मला अजूनही वाटतं की मी बोलले ते बरोबर होतं. तिलाही ते चूक वाटलं नव्हतं. तिला फक्त एवढंच दिसत होतं की ढीग सारखे व्हायच्या आधीच सोडत झालीय.

पुढचं मला खूप नंतर कळलं, पण इथंच सांगते. जीप गेल्यावर त्या पाच आया तलावाच्या पाळीवर जमल्या. धुरपताबाईनं सगळ्या पुड्या एका गंजात, मोठ्या पातेल्यात, ओतल्या, हातानं कालवल्या आणि पाच सारखे ढीग लावले. मग पाचही जणींनी मातामायच्या शेंदरी दगडाला हात लावून शपथ घेतली की हे तोंडातून निघणार नाही. कारण निघालं तर पोरं बाहेर. पोरं बाहेर म्हणजे जीप बंद, तपासणी बंद, रक्त बंद. असा हिशेब त्यांनी आपसात मांडला आणि त्यात कोणाला शंकाही आली नाही. पुढे दर महिन्याला हेच. पुड्या आल्या की गंज निघायचा. पोरं निवलेल्या पेजेत पूड खायची, रिकामी पाकिटं नीट परत यायची, आणि प्रणित सर कोसंबतळ्याचं कौतुक करायचे की हे गाव बघा, एक पुडी चुकत नाही.

यंदा मोहफुलं पडायला लागली आणि मयुरी, अकरा वर्षांची पोर, बाकी पोरांच्या मागं लागून जंगलात गेली. सिकलसेलच्या पोरानं उन्हात पाणी न पिता फिरणं म्हणजे विस्तवाशी खेळ. आली ती तापानं फणफणलेली, पायांची हाडं दुखतात म्हणून किंचाळणारी. नेमकी त्या आठवड्यात जीप दुसऱ्या तालुक्यात होती. धुरपताबाईनं आशा सेविकेनं दिलेल्या गोळ्या दिल्या, पाणी पाजलं. आणि त्याच संध्याकाळी बाकीच्या चौघी जणी आपापली वाटी घेऊन तिच्या दारात आल्या. घरात आजारी आहे ना! त्यांनी आपल्या पोरांचा वाटा मयुरीच्या डब्यात ओतला. बोलल्या काही नाहीत, कारण आजाऱ्याच्या वाट्याला बोलायचं नसतं. पाच जणांची पूड त्या दिवसापासून एकटी मयुरी खायला लागली.

पोरीला उलट्या सुरू झाल्या. पूड बाहेर पडली म्हणून तिच्या आईनं पुन्हा कालवून दिली.

जीप आली तेव्हा मयुरी चालत नव्हती. सोबत धुरपताबाई आणि मंगली होती. मंगली म्हणजे धुरपताबाईची शेजारीण, तिचा धनराज, म्हणजे धन्या, त्याच पाच पोरांतला, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत अशक्त. दर थोड्या दिवसांनी त्याला रक्त लागायचं. धनराजला आजीकडे ठेवून मंगली आली होती, कारण धुरपताचा नवरा मिरचीच्या शेतात आणि फोन लागत नाही.

आमच्या डॉक्टर दिव्यानी गेडाम याच मुलखातल्या. त्यांनी सलाईन लावलं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, रक्त माझ्याकडे पाठवलं. मशीनमधून आकडे आले तसे मी उठून स्वतः त्यांच्याकडे गेले. मूत्रपिंडाचं काम निम्म्याच्याही खाली आलं होतं. "लघवी?" त्यांनी सिस्टरला विचारलं. सिस्टरनं मान हलवली. पिशवीत तळाला थोडीशी, चहासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्त घ्यायला गेले तर मयुरीनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, बस आली." धुरपताबाई पलंगाच्या कडेला उभी होती. तिच्या हातातली वाटी कलली आणि पांढरं पाणी तिच्या पायावर सांडलं. मला वाटलं साखरमिठाचं पाणी. रोशन गेला तेव्हा ही पोर दुपट्यात होती. तिला भाऊ आठवायचं कारण नव्हतं. पण आईनं ते कसं ऐकलं असेल ते मी सांगू शकत नाही. तिनं पदर तोंडात कोंबला.

दुपार होईतो पोर आईलाही ओळखेना. हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची, पुन्हा झापड. हात विचित्र थरथरत होते.

डॉक्टर गेडाम वऱ्हांड्यात येऊन फोनवर बोलायला लागल्या. मी शेजारीच उभी होते, धुरपताबाई आणि मंगली भिंतीला टेकून बसलेल्या. डॉक्टरांपुढे दोन शक्यता होत्या. एक, सिकलसेलमुळे मेंदूची नस अडकली असेल. तसं असेल तर ताबडतोब नागपूर, मेंदूच्या डॉक्टरांकडे. दुसरी, थकलेल्या मूत्रपिंडांना ती पूड झेपत नसेल आणि रक्तात विष साठून पोर गुंगीत जात असेल. तसं असेल तर उपचार इथेच, आणि आत्ता. जिवावर बेतलं तर कोणाच्या पुडीत काय होतं ते अभ्यासवाल्यांना उघडून सांगता येतं. डॉक्टरांनी नागपूरला तेच विचारलं. उत्तर यायला फार वेळ लागला नाही.

"खोटी?" डॉक्टर फोनवर म्हणाल्या. "नक्की? पहिल्यापासून? बरं." फोन ठेवून त्या सिस्टरला म्हणाल्या, "तिला औषध नसलेली पुडी होती. तो प्रश्न मिटला. अँब्युलन्स काढा, नागपूर." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "रस्त्यातच काही झालं तर मला नवल वाटणार नाही, निशात. पण इथं ठेवून मी तिच्या मेंदूचं काय करू?"

धुरपताबाईनं ऐकलं. तिला सगळं कळलं असं नाही, पण एवढं कळलं की डॉक्टरांनी एक दार बंद केलंय. तिनं उठायला हात टेकला. मंगलीनं तो हात धरला.

"डॉक्टरबाई," धुरपताबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "पुडी खरी असती तं?"

डॉक्टर घाईत होत्या. "असती तर आधी ती बंद केली असती. रक्त वेगळं तपासलं असतं, वेगळं औषध दिलं असतं. पण नव्हती ना ती. तुम्ही सामान आवरा."

"झालं ना मंग," मंगली पटकन म्हणाली. "नव्हती म्हंते ना बाई. चाल, उठ." उठ म्हणत होती आणि हात खाली ओढत होती. मी ते बघितलं. मला वाटलं, बिचारी धीर देतेय. तिच्या बांगड्या धुरपताबाईच्या मनगटात रुतल्या होत्या.

स्ट्रेचर बाहेर आलं. पोर त्यावर एवढीशी दिसत होती. सलाईनची बाटली धरून सिस्टर पुढे, मागं आम्ही. अँब्युलन्सचं मागचं दार उघडलं होतं, ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती. मंगली धुरपताबाईला दंडाला धरून चालवत होती आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सारखं पुटपुटत होती. मला तुकडे ऐकू येत होते. "माहा धन्या..." "...मातामायची आन..." "...नागपूरले मोठे डाक्टर हायेत, ते पाहतीन..." धुरपताबाई चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. तिचा चेहरा मला बघवेना. मला वाटलं पोरीसाठी घाबरलीय.

स्ट्रेचर उचलून आत सरकवायला दोघे वाकले, मंगलीनं धरलेला दंड सोडला आणि धुरपताबाई दारात जाऊन उभी राहिली. आडवी.

"बाई, बाजूला व्हा," ड्रायव्हर ओरडला.

"नाई," ती म्हणाली. "पोरीच्या पोटात खरी हाय."

डॉक्टर गेडाम कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "काय खरी आहे?"

"पुडी. खरी-खोटी समदी मिसळून हाय. मी मिसळली. माह्या हातानं मिसळली, अन् वाटे पाडले." तिचा फाटका आवाज आणखी फाटला. "अन् हे बिमार पडली तवापासून पाची लेकराइची हेच खाऊन राह्यली. म्या चारली." तिनं कंबरेच्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि डॉक्टरांपुढे धरला. तळाला पांढरी पूड होती. "सकायी बी देल्ली."

मागं मंगली मटकन खाली बसली.

मी धुरपताबाईच्या अंगावर ओरडले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. अक्कल गहाण ठेवली का, एवढंच आठवतं. सकाळची ती कललेली वाटी मला आता दिसली होती. डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी डबा घेतला, तळहातावर धरून अंदाज घेतला आणि एकेक विचारत गेल्या. रोज किती? कधीपासून? उलटी झाल्यावर पुन्हा दिली का? धुरपताबाई उत्तरं देत गेली, सरळ, काही न लपवता, जणू आता लपवायला अंगात जागाच उरली नव्हती. मग डॉक्टर ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी बंद कर." आणि स्ट्रेचर उलटं फिरलं.

त्या दिवसाइतकी मी कधी पळाले नाही. जी तपासणी हवी होती तिचं रक्त बर्फात ठेवून न्यावं लागतं आणि थोड्याच वेळात तपासावं लागतं, नाहीतर आकडा फसवा येतो. मी नमुना बर्फाच्या डब्यात घातला, स्कूटी काढली आणि गडचिरोलीतल्या खाजगी लॅबमध्ये जाऊन तिथल्या माणसाच्या डोक्यावर उभी राहिले. आकडा आला. अमोनिया, म्हणजे रक्तात साठणारं ते विष, इतका वाढला होता की त्यानं मशीनवर शंका घेऊन पुन्हा लावला. दुसऱ्यांदाही तेच. मी तिथूनच डॉक्टरांना फोन केला. त्या फक्त म्हणाल्या, "ठीक. आता कळलं कुठं बघायचं."

पण कळलं म्हणजे वाचली असं नसतं. नळीतून औषध सुरू झालं, चांगलं रक्त चढलं, मग डायलिसिस. संध्याकाळपर्यंत काहीच फरक नाही. डॉक्टर मधेच पापणी उघडून टॉर्च मारायच्या आणि निघून जायच्या. धुरपताबाई काचेच्या दाराबाहेर उभी. मी बस म्हटलं, बसली नाही. मंगली तिच्यापासून लांब, जिन्याशी. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. एकीनं शपथ मोडली होती, आणि दुसरीच्या मते तिच्या पोराची जीपही घालवली होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा मयुरीनं डोळे उघडले. सिस्टरनं विचारलं, ही कोण? पोर थोडा वेळ बघत राहिली आणि चिडक्या आवाजात म्हणाली, "माय व्हय ना." धुरपताबाई तिथेच दाराला धरून रडली, मोठ्यानं, कोणाची पर्वा न करता. मीही रडले. मी आदल्या दिवशी बोलले त्याबद्दल तिची माफी मागितली नाही, कारण बोलले ते खरंच होतं. पण तिच्यासाठी चहा आणला.

डॉक्टर गेडाम नंतर मला म्हणाल्या, "सगळं पुडीनंच झालं असं मी कुठं लिहिणार नाही. ताप होता, अंगातलं पाणी आटलं होतं, मूत्रपिंड आधीच दमलेलं. त्यात वरून ही रास. निरोगी पोरानं कदाचित पचवलीही असती. पण काल नागपूरला पाठवली असती ना..." एवढ्यावरच त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

प्रणित सर नागपूरहून आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. त्यांच्या दृष्टीनं कोसंबतळ्याच्या दोन वर्षांच्या कामावर पाणी पडलं होतं. तिथला एकही आकडा आता धरता येणार नव्हता. वऱ्हांड्यात त्यांनी दोघींना तसं सांगितलं. पाचही मुलं अभ्यासातून बाहेर. पुड्या आजपासून बंद. मंगली खाली मान घालून ऐकत होती, हात पदरात गुंडाळलेले.

धुरपताबाई म्हणाली, "सायेब, चूक माही हाय. वाटे म्या पाडले. मले काय कराचं ते करा. पन हिच्या धन्याची जीप बंद नोका करू. त्याले रक्त लागते. थो लहान हाय."

सर गोंधळून तिच्याकडे बघायला लागले. "जीप? जीप कशाला बंद होईल?"

"बाहेर झाला म्हंता ना."

"अहो, अभ्यासातून बाहेर. उपचारातून नाही. गाडी, तपासणी, रक्त, हे सगळं पोरांना मिळणारच, अभ्यासात असोत की नसोत. पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं मी. माघार घेतल्यास नियमित उपचारांवर कोणताही परिणाम..." ते बोलता बोलता थांबले. बहुधा स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू आला.

"वाचून दाखवलं," धुरपताबाई म्हणाली. "सांगतलं नाई."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. त्या क्षणी त्यांचा मला राग आला, आणि कीवही.

मंगली उठून बाहेर गेली. मला वाटलं, तोंड धुवायला गेली असेल. बऱ्याच वेळानं बघितलं तर दवाखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती, उन्हात. मी पोळीभाजी नेली, तिनं बघितलंही नाही. म्हणून मी धुरपताबाईला सांगितलं. मयुरीला झोप लागली होती. ती हळूहळू पायऱ्या उतरून तिच्या शेजारी जाऊन बसली. मी दारातच थांबले.

मग मंगली समोर बघतच म्हणाली, "जीप जात नव्हतीच. अन् म्या तुहा हात धरून ठेवला. तुही पोरगी मरून राह्यली होती, अन् मी तुले उठू देत नव्हतो." ती धुरपताबाईकडे वळली. "मले दोन थापडा मार, बाई. मार. मले बरं वाटन."

धुरपताबाईनं हात उचलला नाही, जवळही घेतलं नाही.

"मारून का होते, मंगली," ती म्हणाली. "आत तुहा धन्या असता अन् बाहेर माही मयुरी, तं म्या बी तुहा हात असाच धरला असता. अन् म्या तं सोडला बी नसता."